कूलरकडे पाठ करून उभी गाडी

मनीषनगर, नागपूर
१० मे २०२५

अपूर्वदादा,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. रविवारी, ४ मे रोजी मी मिनलच्या चौथ्या वाढदिवसाला जयताळ्याला तुमच्या घरी आले.

२. मागच्या अंगणात, तुझ्या शेडमध्ये शर्यतीची लाल गाडी, जागच्या जागी चाकं पळवायच्या रोलरवर चढवलेली होती. तिची पाठ घराकडे होती. सायलेन्सरच्या तोंडापासून चार-पाच हातांवर तुमच्या झोपायच्या खोलीचा कूलर होता. तो चालू होता.

३. केक कापण्याआधी पाहुण्यांना आवाज ऐकवायचा म्हणून तू गाडी सुरू केलीस आणि बराच वेळ पळवलीस.

४. शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचं पिंप होतं. त्यात शिसं आहे आणि ते रस्त्यावरच्या गाडीत वापरू नये, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ऑक्टेन आहे वं, ऑक्टेन! तुझ्या स्कूटीत नाही टाकत, घाबरू नको."

५. त्याच गाडीतून काढलेला एक जुना स्पार्क प्लग मी मागितला. तू तो "रिटर्न गिफ्ट" म्हणून दिलास. सगळे हसले.

६. मिनल मागच्या पायरीवर बसून कूलरच्या जुन्या गवताचं घरटं करत होती. मार्चमध्ये कूलरच्या बाजूंच्या, गवत भरलेल्या ताट्या बदलल्या तेव्हा काढून टाकलेलं ते गवत. त्यातलं मूठभर मी तिच्याकडून मागून घेतलं. ती म्हणाली, "आत्तू, परत." मी हो म्हटलं.

७. प्लग आणि गवत दोन्ही मी साहेबांची परवानगी घेऊन मिहानमधल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. दोन्हींत शिसं निघालं. प्लगवर ते असणारच होतं. गवतात इतकं असायला नको होतं.

८. तुला फोन केला. तू "नंतर बोलू" म्हणालास. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, "नूपुर मॅडमनी वाढदिवसाचा पंचनामा केला. केकचा तुकडापण लॅबला गेला असेल." त्यावर सगळे हसले. माझी आईसुद्धा.

म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टर. फोनवर तू विषय बदलतोस आणि ग्रुपवर तुला टाळ्या मिळतात. कागदावर दोन्ही होत नाही.

तुला माहीत असलेलंच लिहिते, म्हणजे नंतर "मला कोणी सांगितलं नाही" असं व्हायला नको. टर्बो बसवून दाब वाढवला की साधं पेट्रोल ठिणगी पडण्याआधीच जागोजाग पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. शिसं घातलं की ते थांबतं. म्हणून तू ते वापरतोस. पण ते शिसं जळून नाहीसं होत नाही. ते बारीक धुळीच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर येतं आणि जिथे पडतं तिथेच राहतं. याच कारणासाठी देशभर पंपावरचं शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मिनलला मात्र तू ते घरपोच दिलं आहेस.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. पिंप घरातून हलव. मिनलच्या रक्तातलं शिसं तपासून घे.

नूपुर


जयताळा
१६ मे

नुपे,

तुझं रजिस्टर आलं. पोस्टमनने बाबांची सही घेतली. बाबांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. हातातला चहा तसाच ठेवून देवापाशी जाऊन बसले. मग मी फोडून पाहिलं तर आमच्या घरात जन्मलेली सीबीआय!

मले एक सांग, काहून इतकी मागे लागून राहिली वं तू? ते पेट्रोल मी रोजच्या गाड्यांत नाही टाकत. धावपट्टीवर शर्यती होतात त्या दोन-तीन गाड्यांसाठी आहे फक्त. शेडमध्ये जरा वेळ पळवून सेटिंग करावं लागतं, बस. लोक रायपूर, भोपाळहून गाडी घेऊन माझ्याकडे येऊन राहिले. हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट करत होतो तेव्हा तुम्ही कोणी मले पत्र नव्हतं लिहिलं.

इथेनॉलवर चालव म्हणशील, मले माहीत आहे. त्याले इंजेक्टर बदलावे लागतात, पंप बदलावा लागतो, सगळी सेटिंग पहिल्यापासून. आणि लाल गाडी २२ जूनच्या शर्यतीत पळणार आहे. ही गाडी मिनलपेक्षा एक वर्षाने मोठी आहे नुपे. दोघींना मीच मोठं केलं.

राहिलं गवत. अगं बाई, ते कूलरचं गवत आहे. जयताळा रोडवरून दिवसभर ट्रक जातात. वर्षभराची धूळ त्यात बसते. त्यात सोनंपण निघेल शोधलं तर. आणि गाडीचा आणि कूलरचा संबंध काय? कूलर पाण्याने थंड करतो, पेट्रोलने नाही.

शिसं-शिसं करून राहिली, तर माझ्याकडे पाहा. रोज तोंडाने पाईप ओढून पिंपातलं पेट्रोल काढतो. कधी घोटभर जातं पण तोंडात, गोडसर लागतं. त्यानेच हात धुतो, ग्रीस लगेच निघते. जिवंत आहे ना? पोटात मुरडा येतो कधी, ते बाहेरच्या झणझणीत तर्री-पोह्याने. मधून हात बधिर होऊन पाना सुटतो, ते वयाने. छत्तिशी आली बाबा.

मिनलले सुई-बिई टोचणार नाही. ती कमी बोलते, कारण ती माझ्यावर गेली. मीपण पाच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, काकूले विचार.

खरी गोष्ट मी सांगू? तू इंजिनिअर झाली आणि मी कॉलेज सोडलं. तुम्ही लोक मोजता, आम्ही बनवतो. ज्याने बनवलं त्याच्या हातात दोष काढायचा, एवढंच तुम्हाला येते.

तरी तू म्हणतेस म्हणून पिंप सोमवारी हलवतो. आता खूश?

अपूर्वदादा

ता.क. स्कूटीची चेन आवाज करून राहिली होती तुझी. घेऊन ये, फुकट करून देतो.


मनीषनगर
२० मे

अपूर्वदादा,

काल सोमवार होता. पिंप हललं का ते तू कळवलं नाहीस.

तुझ्या पत्रात माझ्याबद्दल बरंच आहे. शिशाबद्दल चार ओळी आहेत. मी त्या चारच ओळींना उत्तर देते.

कूलर आणि गाडीचा संबंध विचारलास. कूलर खोलीतली हवा थंड करत नाही. तो बाहेरची हवा तीन बाजूंनी ओढतो, ओल्या गवतातून घेतो आणि आत फेकतो. दर उन्हाळ्यात तू स्वतः त्याची मोटर उघडतोस. त्याच्यासमोर जे असेल ते आत येतं. म्हणून आजी कूलरपाशी मोगऱ्याची कुंडी ठेवायची आणि खोलीभर वास यायचा. तू मोगऱ्याच्या जागी सायलेन्सर ठेवला आहेस.

ट्रकच्या धुळीचं म्हणालास. शंका रास्त होती, म्हणून मी माझ्या कूलरचं गवत तपासलं. आमच्या गल्लीतून वर्धा रोड दिसतो. तुमच्याकडे जातात त्याहून जास्त ट्रक इथून जातात. माझ्या गवतात शिसं जवळजवळ नाही. तुमच्या गवतात त्याच्या कित्येक पट आहे. ट्रक डिझेलवर चालतात, दादा. तुझ्या पिंपावर नाही.

बोलण्याचं. मिनल कमी बोलते ते शिशामुळेच, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. मला ते माहीत नाही. तुलाही नाही. फरक इतकाच की मी मोजायला सांगते आहे आणि तू "माझ्यावर गेली" म्हणतो आहेस. लहान मूल दिवसभर हात तोंडात घालतं. त्याच्या शरीरात शिसं मोठ्या माणसापेक्षा किती तरी जास्त शोषलं जातं आणि ते मेंदूवर काम करतं. एक रक्ततपासणी आहे. तिला सुई टोचायची नाही म्हणतोस. गेल्या महिन्यात तिचे कान टोचलेत, तेव्हा तूच तिला मांडीवर धरलं होतंस.

तू जिवंत आहेस हा पुरावा नाही. ते पेट्रोल कातडीतूनही आत जातं. तोंडाने पाईप ओढणं आजपासून बंद कर. मुरडा आणि बधिर हात तू गमतीने लिहिलेस. मी ते गमतीने वाचलेले नाहीत.

तू कॉलेज का सोडलंस ते मी कधी विचारलं नाही. तुझ्या हातात दोष आहे असंही कधी म्हटलं नाही. ज्याच्या हाताला पळत्या इंजिनमधला एवढासा ठोका कळतो, त्याला आपल्या घरातली हवा कळू नये याचा मला राग आहे. हो, राग आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पत्रात तुला शोधावा लागणार नाही.

नूपुर


जयताळा
दि. २८ मे २०२५

चि. नूपुर हिस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रे माझ्या वाचनात आली. मी चौतीस वर्षे सरकारी कचेरीत काढली. पत्र कसे लिहावे हे मला कळते, आणि भावाला कसे लिहू नये हेही कळते. असो.

तुझ्या हुशारीबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु घरच्या मुलीने घरात प्रयोगशाळा आणू नये. सुनेच्या माहेरी ही वार्ता गेली तर काय म्हणतील, याचा तू विचार केलेला दिसत नाही. तुझ्या वडिलांकडे मी अद्याप विषय काढलेला नाही. काढावा लागू नये अशी इच्छा आहे.

तुझ्या पत्रांचा अपूर्ववर वाईट परिणाम झाला आहे. त्याची चिडचिड वाढली आहे, जेवण कमी झाले आहे, पोट दुखते म्हणून परवा आडवा पडून होता. शर्यत तोंडावर आली असता त्याला असा मनस्ताप देणे बरे नव्हे.

आता समाधानाची बाब लिहितो. मी स्वतः मध्ये पडून तोडगा काढला आहे. अपूर्वने शेड तिन्ही बाजूंनी पत्र्याने बंद करून घेतली आणि धूर बाहेर नेण्यासाठी जाड पाईप बसवला. तो मागच्या भिंतीतून पलीकडच्या गल्लीत काढला आहे. आता अंगणात धुराचा मागमूस नाही. तुझी काकू कपडे वाळत घालते, त्यांनाही वास येत नाही. हे काम त्याने एका दिवसात आणि इतके सुबक केले की मला अभिमान वाटला. पिंपही आता बंद शेडमध्ये सुरक्षित आहे.

मिनलला २३ जूनपासून बालवाडीत घालत आहोत. देशकरबाईंची, मागच्याच गल्लीतली. घराला लागून असल्याने सोय झाली. चार मुलांत बसली की बोलू लागेल.

तेव्हा हा विषय आता संपला असे समज.

तुझा काका
शरच्चंद्र


मनीषनगर
३० मे

ती. काकांना सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. विषय संपलेला नाही.

पाईप मागच्या भिंतीतून गल्लीत निघतो, असं तुम्ही लिहिलं आहे. ती गल्ली मला माहीत आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागतं. पलीकडच्या भिंतीत एकच खिडकी आहे. ती देशकरबाईंच्या वर्गाची. त्या खिडकीत कूलर आहे.

म्हणजे तुम्ही धूर एका कूलरसमोरून उचलून दुसऱ्या कूलरसमोर नेला. पहिल्या खोलीत एक मूल झोपत होतं. दुसरीत सगळ्या गल्लीची मुलं बसतील, आणि त्यांत मिनल असेल. २३ जूनपासून ती रात्री एका भिंतीच्या या बाजूला आणि दिवसा त्या बाजूला असेल. घराला लागून, सोयीचं.

काकूंच्या कपड्यांना वास येत नाही म्हणून तुम्ही समाधानी आहात. शिशाला वास नसतो. वास पेट्रोलचा होता, आणि तेवढाच तुम्हाला कळत होता.

सुनेच्या माहेरी काय म्हणतील, असं तुम्ही विचारता. नातीच्या रक्तात काय आहे हे तुमच्या पत्रात एकदाही विचारलेलं नाही. आणि दादाचं पोट माझ्या पत्रांनी दुखतं, असं तुम्हाला वाटतं. माझं पहिलं पत्र यायच्या आधीपासून त्याच्या पोटात मुरडा येतो. त्याने स्वतः लिहून दिलं आहे.

बाबांकडे विषय काढायचा तर जरूर काढा. मी त्यांना आतापर्यंतची सगळी पत्रं वाचायला दिली आहेत. त्यांनी ग्रुपवरचं आपलं हसणं पुसून टाकलं.

पाईप बंद करा, ही विनंती आहे. तुम्ही सांगितलं तर तो ऐकेल.

आपली
नूपुर


सावनेर
९ जून

नूपुरताईले भूमिकाचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर समजून घ्या. फोन केला असता, पण माझा फोन तुमचे दादा पाहतात. संशयानं नाही, गाड्यांचे व्हिडिओ त्यातपण आहेत म्हणून.

तुमचं मामाजींले, म्हणजे तुमच्या काकांले, आलेलं पत्र मी ऐकलं. मामाजी सासूबाईंले वाचून दाखवून राहिले होते आणि मी पोळ्या लाटत होती. मोठ्यानं वाचत होते, हसत हसत. "पाहा, आता पाईपमध्येपण चूक काढली हिनं." मग देशकरबाईच्या कूलरची ओळ आली तर हसणं थांबलं. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मग घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाले, "पोळी जळून राहिली भूमिका."

दुसऱ्या दिवशी मी आईची तब्येत बरी नाही म्हणून पोरगी घेऊन सावनेरले आली. आई ठणठणीत आहे.

बाबांनी विचारलं काय झालं. मी सांगतलं. माझे बाबा महादेवराव तुम्हाले माहीत आहेत, जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "आपण कपाशीवर फवारतो तर तोंडाले फडकं बांधतो, घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय पोराले हात लावत नाही. हे शहरातले लोक घरातच फवारून राहिले काय?" आणि तेच आम्हाले घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरनं विचारलं, बॅटरीचं दुकान आहे का, रंगाचं काम आहे का, सुरमा लावता का. मी नाही म्हटलं. मग म्हटलं, गाडीचं पेट्रोल आहे. त्यांनी दोनदा विचारलं, कोणतं पेट्रोल?

मिनलचं रक्त नागपूरले पाठवलं होतं. रिपोर्ट आला. सतरा लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, पाचच्या वर गेलं की कारण शोधा म्हणतात. औषध देण्याइतकं नाही, पण पोरगी त्या जागेत पुन्हा न्यायची नाही. दूध, हिरवी भाजी, लोहाचं औषध द्या. महिन्यानं पुन्हा तपासू.

हिरव्या भाजीचं ऐकून मी तिथंच बसली ताई. कूलरच्या टाकीतलं खालचं पाणी मी रोज बादलीनं काढून अंबाडीच्या वाफ्यात टाकत होती. उन्हाळ्यात पाणी वाया नाही गेलं पाहिजे म्हणून. त्या अंबाडीची भाजी सगळ्या घरानं खाल्ली, मिनलनं सगळ्यात जास्त. मले वाटे मी पाणी वाचवून राहिली. तुमच्या दादानं रोज पाहिलं मी पाणी टाकताना. एकदा म्हणाले नाहीत, यात माझ्या गाडीचं काय-काय आहे. आता वाटते, त्यांलेच माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. याचाच मले जास्त राग येते.

पिंप हललं नाही. मी निघाली त्या दिवशी दुसरं आलं. तुमच्या दादाले अजून सतराचं सांगतलं नाही. काल फोन होता, म्हणत होते शर्यत झाली की रविवारी संध्याकाळी, २२ तारखेले, तसेच लाल गाडी घेऊन सावनेरले येतो, मिनलले त्या गाडीत बसवून नेतो, सोमवारी बालवाडी आहे. मिनल फोन धरून "बाबा, बाबा" करत होती. एकच शब्द, पण पन्नास वेळा.

तुम्ही त्यांना लिहा. माझं नाव घ्यायचं असन तर घ्या, घ्याच. मी भीत नाही. मी सांगतलं तर ते रडतील आणि मी विरघळीन. तुम्ही विरघळत नाही असं सगळे म्हणतात. आता त्याचं काम आहे.

आणि एक. मिनल विचारते, "आत्तू, घर?" मले आधी समजलं नाही. मग तिनं हातानं गोल करून दाखवलं. ते गवताचं घरटं. तुम्ही परत देतो म्हटलं होतं म्हणे.

तुमची
भूमिका


मनीषनगर, नागपूर
१२ जून २०२५

अपूर्वदादा,

या पत्राची एक प्रत काकांना आणि एक भूमिकावहिनीला सावनेरला पाठवते आहे. ग्रुपवर टाकलेलं नाही.

मिनलच्या रक्ताची तपासणी झाली आहे. वहिनीने आणि महादेवरावांनी करून घेतली. शिसं सतरा. पाचच्या वर गेलं की कारण शोधायचं असतं. आपल्याला शोधायचं नाही. ते शेडमध्ये उभं आहे आणि वहिनी सावनेरला निघाली त्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं आलं आहे.

हे मी तुला समोर येऊन सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. मी येणार होते. काल संध्याकाळी तुमच्या गल्लीपर्यंत आलेही होते. मागच्या भिंतीतून निघालेला तुझा पाईप पाहिला. काका म्हणतात तसंच काम सुबक आहे. जोड कुठे दिसत नाही. समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर देशकरबाई बसल्या होत्या आणि कूलरच्या जुन्या ताट्यांतलं गवत काढून नवीन भरत होत्या. शाळा उघडण्याची तयारी. मला म्हणाल्या, "तुमच्या भावाकडे कसलं तरी मशीन आलं वाटते, गरम हवा येते इकडे. पण अपूर्व चांगला पोरगा आहे, मागच्या वर्षी आमची मोटर त्यानेच करून दिली, पैसे नाही घेतले." मी त्यांना शिशाचं सांगितलं नाही. मला आधी तुला संधी द्यायची होती. तुझ्या पायरीपर्यंत यायचं मात्र मला जमलं नाही. मी ओरडले असते. तसं झालं असतं तर तुम्ही सगळे पुन्हा माझ्याबद्दल बोलला असता आणि शिसं बाजूला राहिलं असतं. गेला महिनाभर तेच चाललं आहे. मी कशी लिहिते, मी कोणाची बदनामी करते, मी कोणावर जळते, मी विरघळत का नाही. चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात काय आहे हे विचारायला शेवटी तिच्या आईला खोटं बोलून घराबाहेर पडावं लागलं. तुमच्यापैकी एकालाही याची लाज वाटणार नसेल, तर मला वाटते आहे.

वहिनी कूलरचं पाणी अंबाडीला घालत होती. ती रोज बादली घेऊन तुझ्या शेडवरून जात होती. तिने काही चुकीचं केलं नाही. तिला कोणी सांगितलं नाही. तो वाफा आता खणून काढावा लागेल, आणि ती माती कुठे टाकायची ते मी सांगेपर्यंत हलवू नकोस.

आता काय करायचं ते.

दोन्ही पिंपं जिथून आली तिथे परत पाठव. नाल्यात नाही, भंगारवाल्याला नाही, दुसऱ्या गॅरेजला नाही.

पाईप काढून भिंत बुजव. देशकरबाईंना तू स्वतः जाऊन सांग की त्यातून काय येत होतं. "गरम हवा" नाही, शिसं. त्यांनी काल भरलेलं गवतही बदलून दे. मोटर तू फुकट केली होतीस, हेही कर.

शेड, अंगण आणि झोपायची खोली कोरडी झाडू नका. झाडलं की ती धूळ पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं फेकायचं. हे मी येऊन तुझ्याबरोबर करीन. दोन दिवसांची रजा टाकली आहे.

लाल गाडी इथेनॉलवर घे, किंवा दाब कमी करून पंपाच्या पेट्रोलवर चालव. ती २२ तारखेला हरेल. दोघींना मीच मोठं केलं असं तू लिहिलं होतंस. एकीला हरू दे.

आणि गाडी कोणतीही असो, तिच्यात या पिंपातलं पेट्रोल असेल तर ती घेऊन सावनेरला जाऊ नकोस. वहिनी पाठवणार नाही. महादेवराव फाटकात उभे राहतील, आणि ते जास्त बोलत नाहीत.

शेवटचं तुझ्याबद्दल. मिनलचा आकडा सतरा आला, आणि तिच्यात ते फक्त हवेतून, गवतातून आणि भाजीतून गेलं. तू ते पेट्रोल तोंडाने ओढलं आहेस, त्याने हात धुतले आहेस. पोटातला मुरडा, बधिर हात, सुटणारा पाना, आता काका लिहितात ती चिडचिड. तुझा आकडा कोणी मोजलेला नाही. तू कोणाला मोजू दिलेला नाहीस. शनिवारी सकाळी मी दवाखान्यात तुझं नाव लावलं आहे. पत्ता पाकिटात आहे. सुईला घाबरत असशील तर मी मांडीवर धरू शकत नाही, पण बाहेर बसेन.

मिनलला मी घरटं परत द्यायचं कबूल केलं होतं. ते देता येणार नाही. ते प्रयोगशाळेत एका बंद पिशवीत आहे आणि तिथेच राहील. तिला नवीन गवत तू आणून दे. दुकानातलं, कोरं. पण कुठल्या अंगणात बसून ती ते विणेल, हे आधी ठरव.

तुझं उत्तर नाही असेल, किंवा उत्तरच नसेल, तर १९ तारखेला सकाळी मी देशकरबाईंकडे जाईन आणि तिथून तक्रार घेऊन प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात. तुझ्याविरुद्ध, तुझ्या नावानिशी. काकांना वाईट वाटेल याची मला कल्पना आहे.

बुधवार, १८ जूनपर्यंत लेखी उत्तर दे.

नूपुर